इरावतीबाई नेमकं मोजायच्या काय?

प्रश्न : ‘युगान्त’ वाचलं, जाम आवडलं. पण इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या म्हणजे नक्की काय काम करायच्या? जर्मनीत कवट्या मोजल्या म्हणे, खरंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर : खरंय की! १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएचडीला. विषय होता कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. गोऱ्या वंशाची कवटी काहीतरी वेगळी, वरचढ असणार असा सरांचा कल, आणि बाईंनी कवट्या मोजून सांगितलं की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. गाइडच्या तोंडावर असं लिहायचं, तेही त्या काळात परक्या देशात, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

बरं, इथे येऊनही तेच. मुंबईचे त्यांचे गुरू घुर्ये म्हणायचे की जाती म्हणजे एकाच समाजाचे तुकडे पडत गेले. बाई डेक्कन कॉलेजात होत्या १९३९ पासून शेवटपर्यंत, तिथून गावोगाव फिरून माणसांची मापं घेतली, रक्तगट तपासले आणि उलटंच म्हणाल्या. महाराष्ट्रातले कुंभारच घ्या, सगळ्यांचा धंदा एक, पण त्यांच्यातले वेगवेगळे गट एकमेकांत लग्न करत नाहीत आणि शरीराच्या मापांतही सारखे नाहीत, म्हणजे हे एका घरातून फुटलेले नाहीत, वेगवेगळे लोक शेजारी येऊन बसलेत. सगळ्यांना हे पटलं असं नाही, वाद झालेच.

आणि नातीगोती! १९५३ चं त्यांचं इंग्रजी पुस्तक त्यावरच आहे. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न म्हणजे पाप, दक्षिणेत मामाची मुलगी काय, सख्ख्या मामाशीसुद्धा लग्न चालतं, आणि आपण मधल्या पट्ट्यातले, म्हणून आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते पण आतेची नाही. तुमच्या सांगलीकडे हे वेगळं सांगायला नकोच.

कोयना धरणामुळे उठवलेल्या लोकांचाही त्यांनी जय निंबकरांबरोबर सर्व्हे केला, तो १९६९ मध्ये छापून आला. जय त्यांचीच मुलगी.

इंग्रजी पुस्तकं जरा जड आहेत, तेव्हा आधी त्यांचा वारीवरचा लेख वाचा. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या पंगतीत जेवतात हे बघून बाई किती अस्वस्थ झाल्यात ते त्यात आहे.