तेलकट चेहरा, ओढलेले गाल आणि मॉइश्चरायझरची ट्यूब

थंडी सुरू झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळाभर ‘मुरूम कसे घालवू’ असं विचारणारे वाचक आता ‘मुरूमही आहेत आणि चेहरा उललाही आहे, लावू काय?’ असं विचारतात. आपल्याकडे मराठवाड्यात हे होणारच. मे महिन्यात पारा चाळिशीपार, डिसेंबर-जानेवारीत परभणीसारख्या ठिकाणी पहाटे 10 अंशांच्याही खाली, आणि दोन्ही वेळेला हवा कोरडीठाक. त्यात बोअरचं क्षारांचं पाणी. मुंबईच्या दमट हवेत बसून मोबाइलवर ‘स्किन केअर’ सांगणाऱ्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

*मी 17 वर्षांची आहे. लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. चेहरा फार तेलकट आहे म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने धुते. तरी कपाळावर आणि हनुवटीवर मुरूम येतातच, आणि गाल मात्र ओढल्यासारखे होतात. मैत्रिणी म्हणतात, मॉइश्चरायझर लावलं तर छिद्रं बुजून आणखी मुरूम येतील. खरं का?*

मैत्रिणींचं निम्मं खरं आहे. चुकीचं मॉइश्चरायझर लावलं तर मुरूम वाढतात, योग्य लावलं तर वाढत नाहीत. पण तुझं मुख्य दुखणं साबणाचं आहे, आधी ते बघू.

तेल आणि पाणी या त्वचेच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल आतल्या ग्रंथींतून येतं आणि तुझ्या वयात ते भरपूर येणार, कारण ते संप्रेरकांच्या हुकमावर चालतं. ओलावा टिकतो तो त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरामुळे. साबण हा थर खरवडतो. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5. अंगाच्या साबणाचा पीएच 9-10 च्या घरात, म्हणजे उलट अल्कधर्मी. त्यात होस्टेलचं पाणी बोअरचं असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन एक चिकट साका तयार होतो आणि तो चेहऱ्यावरच बसतो. बाथरूमच्या नळाच्या तोंडावर पांढरा खरखरीत थर चढलेला दिसतो का बघ, आणि साबणाला नीट फेस येतो का तेही. दोन्ही खुणा पटल्या तर पाणी जड आहे असं समज.

म्हणून चेहरा दिवसातून दोनदाच धुवायचा, सकाळी आणि रात्री. घाम आला तर मध्ये नुसतं पाणी मारलं तरी पुरे. साबणाऐवजी सौम्य फेसवॉश किंवा सिंडेट बार (साबणासारखी दिसणारी, पण साबण नसलेली सौम्य वडी) घे. तो जड पाण्यातही साका धरत नाही. खरखरीत स्क्रब बंद. तोंड पुसताना घासू नको, टिपून घे, आणि चेहरा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव. करंगळीच्या टोकाएवढं पूर्ण चेहऱ्याला पुरतं.

तुझ्यासाठी जेल किंवा पातळ लोशन बरं. ट्यूबच्या मागे ग्लिसरीन किंवा हायल्युरोनिक अ‍ॅसिड दिसलं पाहिजे, हे ओलावा धरून ठेवतात. सोबत डायमेथिकोन असेल तर आणखी चांगलं, कारण आपल्या कोरड्या हवेत धरलेला ओलावा उडून जाऊ नये म्हणून वर एक पातळ पडदा लागतो. नायसिनामाइड असलं तर तेलकटपणा आणि डाग दोन्हींना थोडी मदत होते. ‘कोरडी पडलेली त्वचा जास्त तेल सोडते’ असं सर्रास सांगतात, त्याला फारसा आधार नाही. मात्र सोललेल्या, चिडलेल्या त्वचेला मुरमाचं कुठलंच औषध सोसत नाही, आणि मग चार दिवसांत ते औषध कपाटात जातं. खरा तोटा तिथे होतो.

आणि हो, क्लासला जाताना तोंडाला बांधायचा स्टोल रोज धुतलेला असू दे. घामाने भिजलेलं तेच कापड दिवसभर हनुवटीवर घासत राहिलं तर हनुवटीवरच मुरूम येणार.

*नांदेडचा, वय 24. डॉक्टरांनी रात्री अ‍ॅडापलीन आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं आहे. दहा दिवसांत चेहरा सोलून निघाला, आग होते. औषध बंद करू का?*

बंद नका करू, लावायची पद्धत बदला. ही दोन्ही औषधं चांगली आहेत, पण दोन्ही त्वचा कोरडी करतात आणि पहिल्या दोन-चार आठवड्यांत त्रास सगळ्यात जास्त असतो. पुष्कळ मुलं नेमकी तिथेच सोडून देतात. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

रात्री चेहरा धुवून पूर्ण कोरडा होऊ द्या. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, तो मुरला की वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन सगळ्या चेहऱ्यावर, आणि गरज वाटली तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर. औषध फक्त फोडावर ठिपक्यासारखं लावायचं नसतं. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालचा भाग सोडून द्या. तिथेच कातडी आधी फाटते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक दिवसाआड. बेन्झॉइल पेरॉक्साइड काही दिवस थांबवायचं किंवा कमी टक्क्यांचं घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, 2.5 टक्केवालं बहुतेकांना पुरतं आणि कमी जळजळतं.

तुम्हाला जेल पुरणार नाही. सेरामाइड असलेलं, वास नसलेलं लोशन किंवा हलकं क्रीम घ्या. सेरामाइड हे त्वचेच्या वरच्या थरातलेच स्निग्ध घटक आहेत, औषधाने ते कमी झालेले असतात. आणखी एक, घरच्यांच्या शिव्या वाचवायच्या असतील तर टॉवेल आणि उशीची खोळ पांढरी वापरा. बेन्झॉइल पेरॉक्साइडने रंगीत कापडाचा रंग उडतो, निळ्या टॉवेलवर तोंडाच्या आकाराचा फिकट डाग पडतो आणि तो कशानेही जात नाही.

*छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं दीडशे रुपयांतही मिळतं आणि नऊशेलाही. फरक काय? पेट्रोलियम जेली चालेल का?*

बऱ्याचदा फरक बाटलीचा आणि जाहिरातीचा. नॉन-कॉमेडोजेनिक म्हणजे छिद्रं न बुजवणारं. पण हा शब्द छापण्यासाठी कुठलीही सरकारी कसोटी पार करावी लागत नाही. कंपनीने म्हटलं की झालं. या कल्पनेची सुरुवात अमेरिकेत झाली. क्लिगमन आणि मिल्स या त्वचारोगतज्ज्ञांनी 1972 मध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांना ‘अ‍ॅक्ने कॉस्मेटिका’ हे नाव दिलं. त्या काळात घटकांची परीक्षा सशाच्या कानाच्या आत लावून होत असे. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार नाजूक, त्यामुळे तिथे दोषी ठरलेलं सगळंच आपल्याला बाधतं असं नाही. इंटरनेटवर घटकांना शून्य ते पाच गुण देणारे जे तक्ते फिरतात, त्यांची मुळं अशाच परीक्षांत आहेत. ते बघून घाबरू नका. एखादा घटक एकटा कसा वागतो आणि क्रीममध्ये थोडासा मिसळल्यावर कसा वागतो, यात पुष्कळ अंतर असतं.

तरीही लेबल असलेलं घ्या. काहीच नसण्यापेक्षा बरं. मग ट्यूब उलटी करून यादी वाचा. जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो. पहिल्या पाच-सहा नावांत खोबरेल तेल, कोको बटर किंवा आयसोप्रोपिल मायरिस्टेट असेल तर ठेवून द्या. सुगंध शेवटी असला तरी नाजूक त्वचेला नकोच. नवीन ट्यूब आणली की आधी जबड्याच्या एका बाजूला काही दिवस लावून बघा. जळजळ लगेच कळते, पण छिद्रं बुजून आलेले बारीक दाणे दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला क्रीम बदलणाऱ्यांना कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

पेट्रोलियम जेली स्वतः छिद्रं बुजवत नाही, तिची बदनामी उगाच झाली आहे. पण तेलकट चेहऱ्यावर ती चिकचिकते. ओठांना, नाकाच्या सोललेल्या कडांना खुशाल लावा.

*बीड जिल्ह्यातून एक आई लिहितात: मुलगा 15 वर्षांचा. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब सहा महिने लावतोय. आधी चेहरा एकदम साफ झाला, उजळलाही. आता लाल दिसतो, उन्हात आग होते आणि ट्यूब थांबवली की फोडच फोड. सोबत चांगलं मॉइश्चरायझर कोणतं लावू?*

ताई, आधी ती ट्यूब बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं त्याचीच वाटतात. स्टेरॉइडने सूज दबते, रंग उजळतो, म्हणून आधी सगळे खूश होतात. मग कातडी पातळ होते, लाली कायमची बसते, मुरूम उसळतात, आणि थांबवलं की त्रास दुप्पट. म्हणून पुन्हा लावलं जातं. हे इतकं बोकाळलं की 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला-मला माहीत आहे.

मॉइश्चरायझरने हे निस्तरणार नाही. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. एकदम थांबवायचं की उतरत्या क्रमाने, ते मुलाला बघून ठरवावं लागतं. खासगी परवडत नसेल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. तोवर सौम्य फेसवॉश, बिनवासाचं साधं लोशन आणि उन्हात टोपी. दुसरं काही नको, हळदसुद्धा नको.

*जालन्याहून एक गृहिणी: कपाळावर केसांच्या रेषेला लागून एकसारखे बारीक दाणे आहेत, खाजतात. जेल मॉइश्चरायझर लावलं, बंद केलं, काही फरक नाही.*

मॉइश्चरायझरला सोडा, तेलाची बाटली बघा. रात्री खोबरेल चोपडून वेणी घालून झोपायचं, की सकाळपर्यंत ते कपाळावर उतरलेलं असतं. तेल लावूच नका असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी सासूबाई ऐकणार नाहीत. पण डोकं धुण्याआधी तासभर लावा, कपाळापासून दोन बोटं सोडून, आणि नंतर धुऊन टाका. उशीची खोळ दोन-तीन दिवसांनी बदला.

एकसारखे दाणे आणि खाज यांमुळे मला बुरशीचीही शंका येते. डोक्यात कोंडा असेल तर ती आणखी बळावते. तसं असेल तर मुरमाच्या गोळ्या-क्रीमने ते हटत नाही, औषधच वेगळं लागतं. एकदा दाखवून घ्या.

*धाराशिवहून, वय 27: मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. ओठ फाटून रक्त येतं. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे.*

ओठ फाटणं हे या गोळीचं ठरलेलं लक्षण. पेट्रोलियम जेली पर्समध्ये ठेवा आणि दिवसातून आठ-दहा वेळा लावा. जिभेने ओठ ओले करू नका. चेहऱ्याला जेल नको, क्रीमच लावा. गोळ्या चालू असताना चेहऱ्याचं वॅक्सिंग करू नका, कातडी निघून येते. ही गोळी अ जीवनसत्त्वाच्याच कुळातली, म्हणून अ जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घेऊ नका.

बाळाबद्दल मात्र अगदी स्पष्ट सांगते. या गोळीने गर्भात गंभीर व्यंग होतं. गोळ्या चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर किमान एक महिना दिवस राहता कामा नयेत. तुमचा विचार आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

*हिंगोलीचा शेतकरी मुलगा: दिवसभर रानात ऊन. बांधावर कोरफड भरपूर आहे, तीच लावली तर? वर सनस्क्रीन पण लावायचं का?*

कोरफड चालेल, पण पान कापून उभं धरा आणि पिवळा चीक पूर्ण गळू द्या. त्याने खाज सुटते. आतला पांढरा गर घ्या. तो थंडावा देतो, ओलावा मात्र फार वेळ टिकवत नाही, म्हणून थंडीत वर लोशन लागेलच. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर नको. लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे पडू शकतात.

सनस्क्रीन हवंच. आपल्या रंगाच्या त्वचेत मुरूम गेला तरी काळा डाग मागे राहतो आणि उन्हाने तो गडद होतो. किमान एसपीएफ 30 चं जेल किंवा मॅट सनस्क्रीन घ्या, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा भरतील एवढं, चेहरा-मानेला मिळून. उन्हाळ्यात तेवढं एकच लावलं तरी चालेल, मॉइश्चरायझर वेगळं नको. रानात जायच्या पंधरा मिनिटं आधी लावा, दुपारी भाकरी खायला बसाल तेव्हा घाम पुसून पुन्हा एकदा, आणि डोक्याचा रुमाल कपाळावर न आवळता सैल बांधा.