करारावर तुझं नाव आहे का?

तुझा मेसेज दोनदा वाचला. फ्रान्समध्ये लिऑनला मास्टर्सला ॲडमिशन झाली, व्हिझा आला, सप्टेंबरचं तिकीट काढलं आणि आता राहण्यावर येऊन सगळं अडलंय. एकीकडे लिऑनच्या गियोतिएर भागात आपल्याच मुलांचा फ्लॅट, तीनशे युरो कॅश, जेवण एकत्र, मेट्रो जवळ, पण घर एका दादाच्या नावावर आणि तू नुसती राहणार. दुसरीकडे शहराला लागून असलेल्या व्हिलरबानला रेसिडन्समधली बारकी खोली, दोनशे युरो जास्त, ओळखीचं कुणी नाही. घरच्यांना पहिलंच बरं वाटतंय. मला कळतं गं, कर्ज बाबांच्या नावावर असलं की दर महिन्याचे ते जास्तीचे दोनशे युरो, म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये, झोपू देत नाहीत.

पण मी एकच विचारणार. करारावर तुझं नाव आहे का? नाही ना, मग ते घर तुझं नाही, ती दादाची मर्जी आहे आणि मर्जी बदलते.

फ्रान्समध्ये आजही कितीतरी कामं पत्रानेच होतात. बँकेचं कार्ड, आरोग्य विम्याचे कागद, सगळं पोस्टाने, आणि इथल्या बहुतेक बिल्डिंगांत फ्लॅटला नंबरच नसतो, पोस्टमन खालच्या पेटीवरचं नाव वाचतो. नाव नाही तर पत्र परत. अशा फ्लॅटांच्या पेट्या मी बघितल्यात, आत चार-पाच जण राहणार आणि बाहेर नाव एकच, बाकीच्या चिठ्ठ्या लावून खरवडून काढलेल्या, कारण मालकाला कळायला नको! मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं कायद्यात बसत नाही. मग आल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिझा ऑनलाइन व्हॅलिडेट करताना पत्ता कुठला देणार? पुढच्या वर्षी रिन्यूअलला सहा महिन्यांच्या आतला पत्त्याचा पुरावा मागतात, तो कुठून आणणार? तू त्याच्याकडे राहतेस असं दादा लिहून देईल म्हणतेस. त्याला त्यावर सही करून स्वतःचं आयडी जोडावं लागतं, लपवून माणसं ठेवणारा माणूस ते करत नाही गं.

मी आले तेव्हा आजच्यासारखं विझाल, म्हणजे भाड्याची हमी देणारी योजना, नव्हतं. गॅरंटर, म्हणजे मी भाडं चुकवलं तर ते भरणारा माणूस, फ्रान्समधलाच हवा म्हणून एका एजन्सीतल्या बाईंनी बाबांच्या पगाराच्या स्लिपा न वाचताच टेबलावरून परत सरकवल्या. शेवटी क्रूसची, म्हणजे सरकारी विद्यार्थी वसतिगृहातली, नऊ स्क्वेअर मीटरची खोली मिळाली, पलंग, टेबल, बेसिन, आणि अख्ख्या मजल्याला मिळून एक किचन. मला पण तेव्हा आपल्या मुलांनी फ्लॅटवर बोलावलं होतं. मी म्हटलं येते, पण करारात नाव घाला, तर त्यातला एक दुखावला, आमच्यावर विश्वास नाही का म्हणाला, आणि त्या वर्षी गणपतीला मला कुणी बोलावलं नाही. ते मला आजही लागतं. त्यातल्या एकीशी चांगली मैत्री झाली असती, ती राहूनच गेली.

तरी मी पुन्हा तेच करेन. कारण फेब्रुवारीत त्या फ्लॅटच्या मुख्य भाडेकरूला दुसऱ्या गावात नोकरी लागली, फर्निश्ड घराला एक महिन्याची नोटीस पुरते, त्याने ती दिली आणि बाकीचे सगळे बाहेर, डिपॉझिट मागायला हातात कागदच नाही. तीच मुलगी ऐन परीक्षेत दोन बॅगा घेऊन माझ्या दारात. घेतलं तिला आत. तोंडाने काही बोलले नाही पण मनात म्हटलं, मी सांगत होते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. लोक मला कोरडी म्हणतात, म्हणू देत, माझी झोप माझ्या घरात होती.

असो. तुझ्याकडे आज विझाल आहे, तीस वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना फुकट गॅरंटी मिळते, व्हिझा हातात आहे तर आजच अर्ज टाक, ते सर्टिफिकेट सही व्हायच्या आधी हवं. फर्निश्ड घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही. चावी घेताना एता दे लिय, म्हणजे घराच्या स्थितीची नोंद, भरतात, तेव्हा घाई करायची नाही, टेबलावरचा इस्त्रीचा डाग, अडकणारं शटर, बेसिनची चीर, सगळं लिहून घे आणि फोटो काढ, जाताना डिपॉझिट त्यावरच ठरतं. भाड्याला काफ या भत्ते देणाऱ्या संस्थेकडून मदत मिळाली तर उत्तम, पण नियम बदलत राहतात, तुझ्या हिशोबात ती धरू नकोस. आणि तीही करारावर नाव असलं तरच, बघ, फिरून तिथेच येतोय आपण.

दादाला आज रात्रीच सरळ मेसेज कर, मालकाची लेखी परवानगी घेऊन माझं नाव करारात घालाल का. हो म्हणाला तर खुशाल गियोतिएरला राहा, मलाही आनंदच आहे, आपली माणसं जवळ असलेली बरी. टाळाटाळ केली तर व्हिलरबान घे. दोन्हीकडे, सही व्हायच्या आधी एक युरोही पाठवायचा नाही, खोली हातची जाईल म्हणून कितीही घाबरवलं तरी. बाबांना पटत नसेल तर माझा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी. कराराची पीडीएफ आली की आधी मला पाठव, फ्रेंच मी वाचते, मग सही कर.