सरकारने पास केलेली नशा? न्यूझीलंडमध्ये नेमकं काय झालं

प्रश्न : माझा मुलगा ऑकलंडला शिकतो. परवा फोनवर म्हणाला, आई इथे नशेच्या गोळ्या टेस्ट करून विकायचा कायदा आहे, नुसती बंदी घालून काही होत नाही. ऐकून धक्काच बसला. पण आपल्याकडे तरी एमडी या ड्रगवर बंदी असून पेपरात रोज पकडल्याच्या बातम्या असतातच की. मुलगा बरोबर बोलतोय का?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, मुलगा थाप मारत नाहीये, पण अर्धंच सांगितलंय त्याने. कायदा आहे, फक्त त्या कायद्याच्या टेस्टमधून पास झालेली एकही गोळी आजवर बाजारात आलेली नाही.

झालं असं की तिकडे बीझेडपी या उत्तेजक केमिकलच्या पार्टी पिल्स राजरोस मिळायच्या, त्या 2008 ला बंद केल्या, मग क्रॉनिकसारखा कृत्रिम गांजा (वाळक्या पाल्यावर मारलेलं, गांजासारखी नशा देणारं केमिकल) दूध-ब्रेडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात यायला लागला, 2011 ला त्यातल्या केमिकलवर बंदी आणली तर बनवणाऱ्यांनी रेणूत जरासा बदल करून नवीन पाकीट काढलं. सरकार आपलं मागे धावतंय. म्हणून जुलै 2013 मध्ये त्यांनी गणित उलटं केलं. माल घातक आहे हे सरकारने का सिद्ध करायचं, धोका कमी आहे हे विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने दाखवावं, तोवर विक्री नाही. हा कायदा संसदेत 119 विरुद्ध 1 मतांनी पास झाला! मला विचाराल तर ही कल्पना आजही चांगलीच वाटते.

घोळ पुढे झाला. टेस्टचे नियम तयार व्हायच्या आतच, आधीपासून विकला जाणारा माल 'तात्पुरती मंजुरी' देऊन चालू ठेवला, म्हणजे परीक्षा व्हायच्या आधीच सर्टिफिकेट. त्यातला बहुतेक कृत्रिम गांजाच. दुकानं हजारोंवरून दीडशेच्या आसपास आली, 18 वर्षांखाली बंदी, पेट्रोल पंपावर बंदी, हे सगळं ठीक, पण त्यामुळे सगळं गिऱ्हाईक त्या मोजक्या दुकानांपुढे गोळा झालं, सकाळपासून रांगा, लोक भडकले, टीव्हीवाले कॅमेरे घेऊन हजर. 2014 निवडणुकीचं वर्ष. मे महिन्यात सरकारने सगळ्या तात्पुरत्या मंजुऱ्या एका फटक्यात काढून घेतल्या.

वर प्राण्यांवरच्या चाचण्यांचा वाद पेटला होता, कुत्र्या-सशांचा जीव नशेसाठी का घ्यायचा म्हणून. (बरोबरच आहे म्हणा.) तर कायद्यात कलम घातलं की प्राण्यांवरच्या चाचणीचा निकाल मंजुरीसाठी चालणार नाही, मात्र परदेशातल्या अशा चाचणीत धोका दिसला तर तो मालाविरुद्ध चालेल. माणसांना द्यायच्या आधीच्या कित्येक चाचण्या प्राण्यांवरच होतात, त्यामुळे दार उघडं दिसतं पण आत जायला वाटच नाही. तेव्हा टेस्टिंग करून बघितलं आणि फसलं, असं जे म्हणतात ते मला पटत नाही, टेस्टिंग झालंच कुठे?

आणि बंदीने तरी काय साधलं? 2017 पासून तिथे एएमबी-फुबिनाका नावाचं कृत्रिम गांजाचंच एक केमिकल चोरून यायला लागलं. ते ॲसिटोनमध्ये विरघळवून वाळक्या पाल्यावर मारतात, ते सगळीकडे सारखं बसत नाही, एका चिमटीत काहीच नसतं आणि त्याच पुडीतल्या दुसऱ्या चिमटीत माणूस जागेवर कोसळतो. एका वर्षात चाळीस-पंचेचाळीस मृत्यूंशी कृत्रिम गांजाचा संबंध असल्याचं तिथल्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं.

आपल्याकडची एमडी म्हणजे मेफेड्रोन, 2015 ला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात आली, तरी 2024 ला कुरकुंभच्या एमआयडीसीतून शेकडो किलो निघालीच. पण म्हणून ती दुकानात ठेवा असं मी म्हणणार नाही, धोका कमी असल्याच्या टेस्टमध्ये ती पास होईल असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न : मग तिकडे म्युझिक फेस्टिवलला गोळी तपासून देतात म्हणे, ते काय?
– त्याच आई

उत्तर : ते वेगळं, आणि ते खरंच चालू आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये तात्पुरता आणि 2021 मध्ये कायमचा कायदा झाला. तंबूत चिमूटभर नमुना मशीनखाली ठेवतात, थोड्या वेळात सांगतात की यात हे दिसतंय. 'सेफ आहे' असं कधीच म्हणत नाहीत. 2020-21 च्या उन्हाळ्यात (तिकडे तो डिसेंबरात येतो) एमडीएमए म्हणून, म्हणजे एक्स्टसी, आपल्या एमडीपेक्षा वेगळं ड्रग, विकलेल्या मालात युटिलोन निघालं होतं, हे मेफेड्रोनच्याच घराण्यातलं, कळल्यावर बऱ्याच जणांनी माल तिथेच टाकून दिला. मुलाला ओरडू नका, हे असं केंद्र असतं एवढं त्याला माहीत असू द्या, आणि कोणी मित्र कोसळला तर पोलिसांच्या भीतीने थांबायचं नाही, सरळ 111 हा तिकडचा इमर्जन्सी नंबर लावायचा.