धातुक जितकं बारीक दळू तितकं फेनतरणात तांबं जास्त मिळतं का?

नाही, एका मर्यादेपलीकडे दळलं तर उलट कमी मिळतं. फेनतरण म्हणजे दळलेलं धातुक पाण्यात घालून हवेचे बुडबुडे सोडायचे: खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतात, दगड खाली राहतो. चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजासारख्या सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांचे साधारण 20 ते 100 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सगळ्यात चांगले तरंगतात. त्याहून बारीक कण इतके हलके असतात की पाण्याच्या प्रवाहाबरोबर बुडबुड्याला वळसा घालून निघून जातात, टक्करच होत नाही. शिवाय वाळूची बारीक भुकटी फेसात अडकून वर येते आणि माल अशुद्ध होतो. मोठे कण बुडबुड्याला चिकटतात खरे, पण वजनाने आणि टाकीतल्या घुसळणीने सुटतात. त्यात खनिज आणि दगड जोडलेलेच राहिले असतील तर आणखी लवकर.

पण आकार नंतरची गोष्ट. कण पाण्याने भिजत असेल तर तो बुडबुड्याला चिकटणारच नाही. म्हणून झँथेट नावाचं रसायन घालतात: ते सल्फाइडच्या पृष्ठभागावर बसून त्याला भिजू देत नाही, क्वार्ट्ज (वाळूचं खनिज) मात्र भिजलेलंच राहतं. शाळेच्या पुस्तकातलं पाईन तेल मुख्यतः फेस टिकवायला असतं.

हे आकडे सल्फाइडचे आहेत. दगडी कोळसा हलका, त्यामुळे त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे कणही तरंगतात.