हृदयाच्या सीटी स्कॅनसाठी दोन ठोक्यांमधला विसावा

प्रश्न : हृदय अखंड धडधडत असताना त्याच्या रक्तवाहिन्यांची स्पष्ट प्रतिमा कशी मिळते?

उत्तर : प्रत्येक ठोक्यात हृदयाची हालचाल दोनदा अगदी मंदावते. पहिल्यांदा आकुंचन संपता संपता, आणि दुसऱ्यांदा प्रसरणाच्या उत्तरार्धात, जवनिका (हृदयाचे खालचे कप्पे) बहुतांशी भरून झालेल्या असतात पण कर्णिकांचे (वरच्या कप्प्यांचे) आकुंचन सुरू झालेले नसते तेव्हा. ईसीजीवरील, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखावरील, लागोपाठच्या दोन उंच टोकांमधला काळ 100 टक्के धरला, तर पहिला विसावा साधारण 35 ते 45 टक्क्यांवर आणि दुसरा 70 ते 80 टक्क्यांवर सापडतो. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमुळे यंत्राला हा ईसीजी सतत मिळत असतो व त्याच्याच आधारे प्रतिमेचा क्षण निवडला जातो.

प्रश्न : माझी नाडी 84 होती, म्हणून स्कॅनआधी गोळी देऊन तासभर बसवून ठेवले. याची खरोखर गरज होती का?

उत्तर : होती. मिनिटाला 60 ठोके असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला 1000 मिलिसेकंद येतात, 84 असतील तर जेमतेम 714. वेग वाढला की आकुंचनाचा काळ थोडाच घटतो. कात्री लागते ती मुख्यतः प्रसरणाला, म्हणजे ज्या विसाव्यावर आमची सर्वाधिक भिस्त असते नेमकी त्यालाच. एकच क्ष-किरण नळी असलेल्या यंत्राला एका प्रतिमेसाठी नळीचा रुग्णाभोवती सुमारे अर्धा फेरा लागतो, त्यामुळे फेरा 280 मिलिसेकंदांचा असेल तर 140 मिलिसेकंदांची स्थिरता हवी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रक्तवाहिन्यांपैकी उजवी सर्वांत जास्त हलते. क्षण चुकला, की तिच्या मधल्या भागाचा गोल ठिपका पडद्यावर चंद्रकोरीसारखा फाकलेला दिसतो, आणि तिथे अडथळा खरोखर आहे की केवळ भास आहे, हे ठामपणे सांगता येत नाही. अशा प्रतिमेवरून कुणाला अँजिओग्राफीला पाठवण्यापेक्षा तासभर थांबणे मला कधीही योग्य वाटते. मात्र दमा किंवा कमी रक्तदाब असल्यास ते आधीच सांगावे, कारण ठोके मंदावणारी ही बीटा-ब्लॉकर गोळी सर्वांना चालत नाही.

प्रश्न : वडिलांचे ठोके अनियमित आहेत. त्यांचा स्कॅन होऊ शकेल का?

उत्तर : अनेकदा होतो. पुढचा ठोका केव्हा पडेल याचा भरवसा नसल्याने टक्केवारीचा हिशेब इथे कोलमडतो. आकुंचनाचा काळ मात्र त्या मानाने स्थिर असतो, म्हणून ईसीजीच्या टोकापासून ठरावीक मिलिसेकंद मोजून आकुंचनाच्या शेवटचा विसावा गाठला जातो. दोन नळ्यांच्या यंत्राला पाव फेरा पुरत असल्याने त्याचा इथे मोठा फायदा होतो. अधिक काळ किरण सोडून ठेवले, तर नंतर क्षण निवडायला वाव मिळतो, पण किरणोत्सर्गाची मात्राही वाढते. ही तडजोड प्रत्येक रुग्णागणिक ठरवावी लागते.

प्रश्न : घरून निघताना काय पाळावे?

उत्तर : आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी टाळावी. श्वास रोखण्याचा सराव करावा. छाती फुटेस्तोवर हवा भरू नये, दर वेळी सारखाच, बेताचा श्वास घ्यावा. रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिले जाते. सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी घेत असाल, तर संकोच न करता आधी सांगा. या दोन औषधांनी मिळून रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.