‘लार्ज’ म्हणजे नुसतं ‘मोठा’ नव्हे

तुम्ही विचारलंय, ‘बिग’ आणि ‘लार्ज’ दोन्हींचा अर्थ मोठाच, मग कुठेही कोणताही वापरला तर काय बिघडतं? बिघडतं. माझ्या नावावर बिघडलंय, म्हणून लिहितोय.

एका दैनिकाच्या डेस्कवर मी नवा होतो. रात्री उशिरा इंग्रजी बातमी आली. जुन्नरकडच्या एका गावात बिबट्याने शेळ्या मारल्या, पिंजरा लावलाय, शेवटी ‘द लेपर्ड इज स्टिल अ‍ॅट लार्ज’. मी लिहिलं, ‘बिबट्या अजून मोकाट’. मुख्य उपसंपादकांनी ते खोडून ‘बिबट्या अंगाने मोठा’ केलं. मी म्हटलं, सर, अ‍ॅट लार्ज म्हणजे हाती न लागलेला. ते म्हणाले, लार्ज म्हणजे मोठा हे पाचवीतल्या पोरालाही कळतं, तुम्हा मराठी माध्यमवाल्यांना कोण शिकवणार! पान तसंच छपाईला सुटलं.

सकाळी तिथल्या वार्ताहराचा फोन. पिंजरा रिकामाच होता, लोकांना तेवढंच कळायला हवं होतं. आमच्या बातमीत नेमकं तेच नव्हतं, आणि माणसं पहाटेच्या अंधारात उसाला दारं धरायला गेली होती. कुणाला इजा झाली नाही. पण बैठकीत चूक माझी ठरली.

आता तुमचा प्रश्न. मोजमाप, संख्या, प्रमाण असेल तिथे लार्ज: लार्ज नंबर, लार्ज अमाउंट, दुकानातला लार्ज शर्ट. नातं, महत्त्व, भावना असेल तिथे बिग: बिग ब्रदर, बिग मिस्टेक, बिग डे. ‘माय लार्ज ब्रदर’ म्हटलंत तर भाऊ थोरला होत नाही, आडदांड होतो. आपला ‘मोठा’ वय, आकार, मान सगळं एकटा पेलतो, म्हणून आपल्याला ही वाटणी खटकते.

मुळात लॅटिन ‘लार्गुस’ म्हणजे विपुल, सढळ. फ्रेंचमध्ये लार्ज म्हणजे आजही रुंद. ‘बाय अँड लार्ज’ तर शिडाच्या जहाजांवरून आलं, वाऱ्याच्या तोंडाशी आणि वारा पाठीशी घेऊन, दोन्ही तऱ्हांनी चालणं. आता अर्थ ‘एकंदरीत’. अ‍ॅट लार्जमधलाही लार्ज मोकळेपणाचाच. हां, ‘सोसायटी अ‍ॅट लार्ज’ म्हणजे अख्खा समाज, फरार समाज नव्हे, तेवढं जपा. आणि लार्ज हाउस, बिग हाउस दोन्ही चालतं, बोलताना बिगच जास्त.

शब्दकोशातला पहिला अर्थ वाचून थांबू नका. लार्जच्या नोंदीत खाली अ‍ॅट लार्ज दिलेलं असतं. त्या रात्री कोश आमच्या टेबलावरच होता. मला तो उघडू दिला नाही.