‘रिमार्क’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? रिमार्क म्हणजे दोष दाखवणेच का?

कार्यालयीन अर्जात ‘रिमार्क्स’ हा रकाना पाहून सहकाऱ्यांनी तुम्हाला सांगितले की रिमार्क म्हणजे दोषारोप, आणि ते खरे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. ते खरे नाही. सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवताना हा गैरसमज मला अनेकदा दूर करावा लागला.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या पोटात ‘मार्क’ म्हणजे खूण आहे आणि ‘लक्षात येणे, टिपणे’ हा त्याचा जुना अर्थ. जे लक्षात आले ते बोलून किंवा लिहून दाखवणे हा अर्थ त्याला नंतर जडला. म्हणूनच ‘रिमार्केबल’ म्हणजे दखल घेण्याजोगा. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी ‘गणितात रिमार्केबल प्रगती’ असे लिहिले होते. ऐन छाटणीच्या दिवसांत त्याचे वडील द्राक्षबागेतून थेट शाळेत आले. खिशात छाटणीची कात्री तशीच होती. “सर, पोराला रिमार्क मिळालाय म्हणं. काय चुकलं त्याचं?” अर्थ सांगितल्यावर त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली.

या गैरसमजाचे मूळ, माझ्या मते, ‘रिमार्क पास करणे’ या आपल्याकडच्या प्रयोगात आहे. त्यात टोमणा गृहीतच असतो. ‘टीका’ या शब्दाचेही असेच झाले. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका, म्हणजे विवरण. आज मात्र टीका म्हटले की निंदाच आठवते. इंग्रजीत दोष दाखवायचा असेल तर ‘ॲडव्हर्स रिमार्क’ असे विशेषण जोडावे लागते, यावरूनच मूळ शब्द तटस्थ आहे हे कळते. मराठीत त्या दोहोंना दोन शब्द आहेत : साधा तो शेरा, आणि न्यायालय ओढते ते ताशेरे.

‘कॉमेंट’ याहून थोडा वेगळा आहे. एखाद्या विषयावर मत मागितले जाते तेव्हा कॉमेंट केली जाते, म्हणून पत्रकाराला ‘नो कॉमेंट’ असे उत्तर मिळते, ‘नो रिमार्क’ असे नाही. रिमार्क मात्र कोणी न विचारताही, सहज केलेला असू शकतो. ‘ओपनिंग रिमार्क्स’ म्हणजे तर केवळ प्रास्ताविक.

तुमच्या रकान्यात, सातबाऱ्यावरील ‘शेरा’ या रकान्याप्रमाणेच, इतरत्र न मावलेली पण नोंदवण्यासारखी बाब लिहावी, उदाहरणार्थ ‘मूळ कागदपत्रे पाहिली’. लिहिण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ लिहावे; रकाना कोरा सोडू नये, कारण कोऱ्या जागेत नंतर कोणीही काहीही भरू शकते.